कडूबाईच्या फोटोवरची रेघ

१

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात माणसांपेक्षा शेळ्यांचा आवाज मोठा असतो. त्यामुळे कानिफनाथ लगडच्या फोटो स्टुडिओत मच्छिंद्र शिरला तेव्हा तो काय म्हणतोय ते आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यानं काखेतली फ्रेम काउंटरवर आपटली आणि पायरीवर उभी असलेली बाजारची माणसं आत डोकावली.

"माझ्या बायकोचा चेहरा कुनी चिरला, कानिफशेठ?"

कानिफनाथनं चष्मा चढवून पाहिलं. फ्रेममध्ये मच्छिंद्रची बायको कडूबाई होती. गेल्या कार्तिकात ती गेली. पुढच्या आठवड्यात तिचं वर्षश्राद्ध होतं. बाईचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला होता, तोही पोस्टकार्डाएवढा. तो मोठा करून द्यायचं काम स्टुडिओनं घेतलं होतं. आणि आता त्या मोठ्या फोटोत डोक्यावरच्या पदरापासून एक हिरवट निळी रेघ निघाली होती. डाव्या भुवईवरून, डोळ्यातून, गालावरून ती थेट खाली गेली होती. कानापलीकडं दुसरी एक होती, ती नुसतीच निळी.

ही रेघ कानिफनाथला नवी नव्हती. महिनाभर ती त्याचं डोकं खात होती. वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुतलेला माणूस तो. त्यानं हट्टानं पुण्याहून कॉम्प्युटर आणला, सोबत फोटो वाचून घेणारा तो सपाट पेटीसारखा स्कॅनर आणला, आणि आता त्याच पेटीनं त्याला जेरीला आणलं होतं. कुणाच्या फोटोत रेघ भिंतीवर पडायची, कुणाच्या आभाळात, आणि गिऱ्हाइकाच्या ध्यानात यायची नाही. कडूबाईच्या नेमकी डोळ्यातून गेली. बाजाराच्या गडबडीत कानिफनाथनं न बघताच फ्रेम बांधून दिली होती.

"मशीनवर बसतं कोन?" पायरीवरच्या गर्दीतून एकानं पुडी सोडली. "भीमराजची पोरगी ना? आन् भीमराजचं आन् मच्छिंद्रचं रानातल्या वाटंवरून काय चाललंय, ठाऊक न्हाई व्हय कुनाला?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आत कॉम्प्युटरसमोर यशोधरा बसली होती. भीमराजची थोरली पोरगी, बारावी झालेली, श्रीगोंद्याला कॉम्प्युटर शिकून आलेली. ती उठून बाहेर आली.

"मी काकांना रेघेचं कवाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "काका, सांगा की त्यांना."

आता कानिफनाथनं काय सांगायचं ते उघड होतं. पण समोर मच्छिंद्र पेटलेला, पायरीवर अर्धा बाजार, आणि स्टुडिओचं नाव पणाला लागलेलं. त्यानं ड्रॉवर उघडला, उगाच आत बघितलं, आणि म्हणाला, "असंल बाबा. मशीनला माझा हात नसतो."

यशोधरानं आपला डबा उचलला. गर्दीनं तिला वाट दिली, आणि ती वाट तिला जास्त लागली असणार.

२

रविवारी स्टुडिओ बंद ठेवून कानिफनाथ स्वतः मशीनवर बसला. पोरीनं मुद्दाम केलं असेल तर ती नसताना रेघ येणार नाही, असा साधा हिशोब होता. खरं सांगायचं तर रेघ येऊ नये असं त्याला फार वाटत होतं. आली नाही तर त्याचं 'असंल बाबा' खरं ठरणार होतं.

त्यानं नेहमीप्रमाणे आधी काच साफ केली. हे काम मात्र तो कुणाला करू देत नसे. कॅमेऱ्याची भिंगं साफ करायचा रबरी फुगा त्याच्याकडं होता. दाबला की फुस्सकन हवा सोडायचा. एक वेळ देवाला उदबत्ती राहील, पण त्या काचेला फुंकर राहायची नाही. पुढून मागं, पुढून मागं, शेवटच्या कणापर्यंत.

मग कडूबाईचा मूळ फोटो उपडा ठेवून झाकण लावलं. आत पांढरा दिवा पेटला, रेंगाळत पुढं सरकला, आणि पडद्यावर कडूबाई उतरली. डोळ्यातून रेघ होतीच.

कानिफनाथनं मूळ फोटो भिंगाखाली धरला. स्वच्छ होता. उलटा फिरवून ठेवला, तर रेघ दुसऱ्या बाजूनं, खांद्यावरून गेली. म्हणजे फोटोत खोट नव्हती. नुसता कोरा कागद ठेवला, तर कोऱ्या कागदावरही दोन्ही रेघा हजर. त्यानं काच ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली, पुन्हा फुगा मारला. आता रेघा तीन झाल्या.

"तुज्या मायला," कानिफनाथ मशीनला म्हणाला.

यशोधरा घरी होती आणि रेघ स्टुडिओत होती. इथंच त्यानं चप्पल घालून तिच्या वस्तीवर जायला हवं होतं. पण माणसाचा अभिमान मोठा वाईट. तू नव्हतीस एवढंच सांगायला जायचं, तर ती विचारणार, मग कोण? आणि मग कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. रात्रभर तो तळमळला आणि सोमवारी सकाळी शेवटी गेलाच.

यशोधरा दारात धान्य पाखडत होती. भीमराज आत होता, तो बाहेर आला नाही, पण त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

"तू न्हवतीस," कानिफनाथ उभ्याउभ्याच म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे, काका." तिनं सूप थांबवलं नाही. "मशीनला काय झालंय?"

"तेच कळंना. रेघ पयली कवा दिसली, आठवतंय?"

"खंडेनवमीच्या आगं-मागं. त्याआधी एकाही फोटोत नव्हती. मी बघितलंय."

"मग ये की आज कामाला. मिळून शोधू."

आता तिनं सूप खाली ठेवलं. "मी काचेला ओरखडा पाडला असता, तर तुम्ही रागावला असता आणि विषय मिटला असता. पण माणसं म्हणतात, मेलेल्या बाईचं तोंड भीमराजच्या पोरीनं चिरलं. काल मच्छिंद्रची आई आमच्या आईला नळावर तेच म्हणाली. काका, हे तुम्ही बाजारात म्हणालात. काय सापडेल ते बाजारातच सांगा. इथं वस्तीवर येऊन हळूच सांगितलेलं मला नको."

कानिफनाथ माघारी वळला. परत येताना त्याला मशीनचा राग आला, मच्छिंद्रचा आला, पुडी सोडणाऱ्याचा आला. स्वतःचा यायला अजून थोडा वेळ होता.

३

त्या दिवशी त्यानं एसटीडी बूथवरून नगरला मेकॅनिक गोरक्षला फोन लावला. मशीन बसवायला हाच आला होता. गोरक्ष बोलायला गोड आणि यायला महाग.

"काचेवर घाण असेल, शेठ."

"काच तोंड बघन्याइतकी साफ हाय. खंडेनवमीच्या सुमाराला तू येऊन गेल्तास. तूच काय ढिलं करून ठिवलं न्हाई ना?"

"मी वायर बदलली, पेटीला हातही लावला नाही. यशोधरा शेजारी उभी होती, विचारा तिला." गोरक्षचा आवाज जरा चढला, मग त्याला उत्सुकता वाटली असावी. "एक सांगा. ठिपका येतो का रेघ?"

"रेघ. वरपासून खालपर्यंत."

"मग काचेची घाण नाहीच. काचेवर कण पडला तर दिवा त्याच्यावरून एकदाच जातो, एकच ठिपका उमटतो. आख्खी रेघ आली म्हणजे मशीन चूक सोबत घेऊन निघतंय. असं बघा, निघायच्या आधी दिवा एका पांढऱ्या पट्टीकडे बघतो. काचेच्या वरच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या चौकटीखाली असते. ती बघून तो ठरवतो, पांढरं म्हणजे हे, आणि मग त्याच मापानं सगळा फोटो मोजतो. त्या पट्टीवर काळा कण बसला, तर मशीनला वाटतं, इथं उजेड कमी पडतोय. मग ते तेवढ्या जागी पुरा फोटोभर उजेड वाढवून देतं."

"म्हंजी रेघ पांढरी यायला पायजे."

"पांढरीच येते. तुमची कशी आहे?"

"एक हिरवट निळी. एक निळी."

"असली रेघ मी नाही पाहिली, शेठ," गोरक्ष म्हणाला, आणि त्याला लगेच दुसरं काम आठवलं.

कानिफनाथ स्टुडिओत येऊन बसला. मशीन काळ्याचं पांढरं करतं. जे कमी दिसलं ते भरून देतं. म्हणजे उलटं करतं. उलट्या रंगांत तर त्याची वीस वर्षं गेली होती. निगेटिव्ह म्हणजे दुसरं काय असतं?

तो ताडकन उठला. कपाटातून एका लग्नाच्या रंगीत निगेटिव्हची पट्टी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. नवरीच्या कपाळाकडं त्यानं आजवर कधी असं पाहिलं नव्हतं. कपाळावरचा टिळा हिरवट निळा दिसत होता. हळदीच्या कार्यक्रमातले तिचे हात निळे होते.

लाल उलटं केलं की हिरवट निळं. पिवळं उलटं केलं की निळं. पांढऱ्या पट्टीवर एक लाल कण होता आणि एक पिवळा.

त्याच्या यंत्राला कुणीतरी हळदीकुंकू वाहिलं होतं. आणि भीमराजच्या घरात, बौद्ध धम्म घेतल्यापासून, आज दोन पिढ्या झाल्या, हळदीकुंकवाचा करंडा नव्हता.

४

खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात. सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर, ड्रायव्हर टेम्पो. कानिफनाथनं यंदा घरात बजावून सांगितलं होतं, मशीनला नुसता हार घाला, वर काही टाकू नका. पण त्याची आई छबूबाई सांगितलेलं ऐकणाऱ्यातली नव्हती.

"आई, खरं सांग. मशीनला हळदीकुंकू वाह्यलं का न्हाई?"

छबूबाईनं जात्याचा खुंटा सोडला. "तू म्हनालास हात लावू नगं. म्या उंबऱ्याला वाह्यलं आन् लांबनंच हात जोडलं. आता म्हातारपनी खोटं बोलू व्हय?"

"मग कुंकू काय चालत आलं आत?"

"दाव मला," म्हातारी म्हणाली आणि पदर खोचून स्टुडिओत हजर झाली.

कानिफनाथनं मशीनचे स्क्रू काढले. चौकट त्यानं जपून उचलली, कारण ही पेटी मोडली तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. चौकटीच्या आत पांढरी पट्टी होती, आणि काच व पट्टी यांच्या फटीत दाणे अडकलेले होते. त्यानं पट्टी कडूबाईच्या फोटोशी जुळवून पाहिली. डोळ्यातून रेघ जाते तिथं लाल दाणा. कानापलीकडं पिवळा. नवीन रेघेच्या जागी पुन्हा लाल. कोंबडा झाकला तरी उजाडायचं ते उजाडलं होतं.

"घे," तो आईला म्हणाला. "ह्ये काय हाय?"

छबूबाईनं एक दाणा नखावर घेतला, मग दुसरा. नाकाशी नेला. उजेडात धरला. कुंकवाच्या बाबतीत म्हातारीचा डोळा सोनाराचा होता.

"ह्ये आपलं न्हाई," ती म्हणाली. "आपलं पिंजर असतंय, कोरडं. ह्ये बघ, ह्ये काळपट लाल, तेल घालून खललेलं. आन् ह्ये दुसरं भडक, यात्रंतलं. ह्ये दोन घरचं कुंकू हाय, कानिफ. हळद तिसऱ्याच घरची असंल."

एक गुन्हेगार शोधता शोधता तीन घरं निघाली होती. तीन घरच्या बाया त्याच्या कुलपातल्या स्टुडिओत येऊन यंत्र पुजून गेल्या आणि त्याला पत्ता नाही, हे कसं शक्य आहे? त्यानं पट्टी कापसानं पुसून घेतली आणि चौकट बसवली. रेघ गेली. पडद्यावर कडूबाई स्वच्छ उतरली, बारीक हसणारी, थोडी बुजलेली. कानिफनाथनं तो फोटो छापून बाजूला ठेवला. पण त्याला आनंद झाला नाही. बाजारात काय सांगायचं? कुंकू कुठून आलं ते ठाऊक नाही, पण पोरगी निर्दोष आहे? त्यावर लोक म्हणणार, शेठला पोरीची कणव आली.

तेवढ्यात दारात रतनबाई आली. वरच्या आळीतली, साठीची. तिच्या हातात ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला फोटो होता.

"माज्या जावंचा हाय, कानिफ. मोठा करून दे. अविधवा नवमीलाच द्यायचा हुता, पर सवड न्हाई झाली."

कानिफनाथनं फोटो उलगडला. बाईच्या कपाळावर, थेट फोटोवरच, हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. वाळून त्याची खपली झाली होती.

"ह्ये कशाला लावलं, मावशे?"

"आरं, सवाष्ण गेली ती. भिताडावरनं काढून घराभाइर न्यायची, तर मोकळ्या कपाळानं न्यावं व्हय? समदीच लावत्यात." रतनबाईनं फोटोवरून पदर फिरवला. "ह्ये बघ, पुसला. आता घाल तुज्या मशीनीत."

कानिफनाथच्या डोक्यात पितृपक्ष फिरला. अविधवा नवमीला गावोगाव सवाष्ण गेलेल्या बायांची श्राद्धं झाली, आणि तेव्हापासून आई, सून, जाऊ, बहीण यांचे फोटो मोठे करून घ्यायला रांग लागली होती. खंडेनवमीच्या आधी दोन आठवडे. त्याला खंडेनवमीच दिसली, कारण संशय घ्यायला आई हाताशी होती.

सवयीनं त्यानं फोटो काचेवर ठेवला, दाबला, उचलला. काचेवर लाल-पिवळी भुकटी सांडली. सवयीनंच त्याचा हात बाजूला गेला आणि रबरी फुगा उचलून आला. फुस्स.

भुकटी काचेवरून मागं पळाली, आणि त्याच्या देखत वरच्या टोकाच्या चौकटीच्या फटीत शिरून दिसेनाशी झाली.

कानिफनाथ हातातल्या फुग्याकडं बघत राहिला. पुढून मागं, पुढून मागं, रोज सकाळी, शेवटच्या कणापर्यंत. यंत्राला हळदीकुंकू वाहणारा हात त्याचा स्वतःचा होता.

"काय झालं रं?" रतनबाईनं विचारलं.

"चोर सापडला," तो म्हणाला.

५

सांगायचं ते ठरलं होतं, पण शनिवार येईपर्यंत त्यानं मनातल्या मनात पन्नास पळवाटा शोधल्या. मच्छिंद्रच्या घरी जाऊन फोटो द्यावा आणि हळूच सांगावं. गोरक्षच्या मशीनवर ढकलावं. म्हाताऱ्या बायांच्या अडाणीपणावर ढकलावं, ते तर सगळ्यात सोपं होतं. पण त्या बायांनी आपली माणसं मोकळ्या कपाळानं घराबाहेर काढली नव्हती, यात त्यांचं काय चुकलं? भुकटी त्यांची, फुंकर त्याची. आणि 'असंल बाबा' तर निखालस त्याचंच होतं.

शुक्रवारी त्यानं भीमराजला आणि मच्छिंद्रला निरोप धाडले.

शनिवारी बाजार भरला तेव्हा कानिफनाथ स्टुडिओच्या पायरीवर उभा राहिला. मच्छिंद्र समोर होता. पुडी सोडणारा भजी खात होता. भीमराज आणि यशोधरा रस्त्यापलीकडं, टेम्पोच्या आडोशाला उभी होती. कानिफनाथनं आधी फ्रेम मच्छिंद्रच्या हातात दिली.

मच्छिंद्रनं फडकं काढलं. मग अंगठ्यानं त्यानं काचेवरून कडूबाईचा डोळा पुसल्यासारखा केला, तिथं काही नव्हतं तरी.

"रेघ कशी गेली?"

"सांगतो. समद्यांनीच ऐका." कानिफनाथ गर्दीकडं वळला. "रेघ यशोधरानं पाडली न्हवती. फोटोवर लावलेलं हळदीकुंकू काचंवर सांडत हुतं, आन् म्या रोज फुगा मारून ते मशीनच्या आत घालीत हुतो. तिला कवाच ठाऊक हुतं की मशीनीत काय तरी बिघाड हाय, तिनं मला सांगितलं बी. आन् म्या तुमच्या म्होरं काय म्हनालो? असंल बाबा. रेघ म्या पाडली. आन् खोटं बी म्याच बोललो."

शेळ्या ओरडतच होत्या. पायरीभोवतीची माणसं एकमेकांकडं बघू लागली. भजी खाणारा हसला.

"मग गेल्या शनवारी एवढा बोभाटा कशाला केला, शेठ?"

"म्हनून तर बोभाट्यानंच माघारी घेतोय," कानिफनाथ म्हणाला. "तू बी घे, तूच पयला म्हनालास."

भजी खाणाऱ्यानं कागद चुरगळला आणि दुसरीकडं बघितलं. मच्छिंद्रनं फ्रेम काखेत मारली आणि रस्ता ओलांडून गेला. भीमराजपाशी तो क्षणभर थांबला. वाटेचं भांडण काही असं मिटणारं नव्हतं, आणि ते मिटलंही नाही. पण यशोधराकडं बघून तो म्हणाला, "पोरी, आईला सांग, आमची म्हातारी उद्या नळावर येऊन बोलंल." आणि गर्दीत मिसळला.

कानिफनाथ पायरीवरून खाली उतरला. त्याला हलकं वाटत होतं, आणि इतक्या लवकर हलकं वाटावं याचीच त्याला लाज वाटत होती.

"सोमवारी ये मग," तो यशोधराला म्हणाला. "पासपोर्टचं काम तुंबलंय. मला त्यातलं काय जमत न्हाई, तुला ठाऊकच हाय."

"काका, मी बुधवारपासून श्रीगोंद्याला प्रेसमध्ये लागले."

"मग आज आलीस ती कशाला?"

"ऐकायला आले." ती हसली नाही, पण आवाजात राग नव्हता. "तिथल्या मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, काष्टीचं काम का सुटलं? मी म्हटलं, शनिवार होऊ द्या, सोमवारी सांगते."

भीमराजनं टेम्पोवाल्याला हाक मारली. ती दोघं मागं चढून बसली आणि टेम्पो शेळ्यांमधून वाट काढत निघाला. कानिफनाथ रस्त्यात उभा राहिला. स्टुडिओच्या दारात एक नवरा-बायको पासपोर्ट फोटोसाठी खोळंबले होते आणि आत मशीनवर बसायला कुणी नव्हतं.